बहात्तर शिलिंग: घानातल्या एन्क्रुमांवरच्या वादाचा एक प्रकरण अभ्यास

घानाची दहा सेडींची नोट पुढच्या बाजूनं नीट बघा. सहा पुरुषांचे चेहरे एकत्र छापलेले दिसतील. तिकडे त्यांना ‘बिग सिक्स’ म्हणतात. फेब्रुवारी १९४८ मध्ये राजधानी आक्रात माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला, तिघे जागीच गेले, शहरात लुटालूट आणि जाळपोळ झाली. ब्रिटिशांनी त्याचं खापर सहा पुढाऱ्यांवर फोडलं आणि त्यांना उचलून दूर नेऊन ठेवलं. परत आले ते राष्ट्रपुरुष होऊनच. २००७ मध्ये घानानं चलनातली चार शून्यं उडवली आणि नव्या नोटांवर या सहांना बसवलं.

आता नोटेवर नसलेली गोष्ट. या सहांपैकी एक म्हणजे क्वामे एन्क्रुमा. ६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीचा स्वतंत्र घाना झाला, तेव्हा ते पंतप्रधान होते. १९६० पासून राष्ट्राध्यक्ष. दुसरे जे. बी. डान्क्वा. देशाला ‘घाना’ हे नाव सुचवलं ते त्यांनी. एन्क्रुमांच्याच राजवटीत ते खटल्याविना कोठडीत गेले आणि ४ फेब्रुवारी १९६५ ला एन्सावामच्या तुरुंगात वारले. तिसरे ओबेत्सेबी-लाम्प्टी, तेही स्थानबद्ध असतानाच आजारपणात गेले. चौथे आको-अजेई. परदेशात राहणाऱ्या एन्क्रुमांना या मंडळींच्या पक्षाचे सरचिटणीस म्हणून बोलवा, अशी शिफारस १९४७ मध्ये यांनीच केली होती. पुढं एन्क्रुमांवरच्या बॉम्बहल्ल्याच्या खटल्यात त्यांना फाशी सुनावली गेली, मग ती कमी करून तुरुंगवास झाला. पाचवे एडवर्ड आकुफो-आडो. आको-अजेईंना पहिल्यांदा निर्दोष सोडणाऱ्या तीन न्यायाधीशांत ते होते आणि त्यापायी त्यांची न्यायाधीशपदावरून उचलबांगडी झाली. सहावे विल्यम ओफोरी-अट्टा. त्यांनाही स्थानबद्धता चुकली नाही.

भाऊबंदकीचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं लोळत असतो, पण ओसरीवर एकत्र कुटुंबाचा जुना फोटो तसाच टांगलेला असतो. तसली ही नोट आहे.

अनुस्वाराचं भांडण

बाहेरच्या माणसाला देश कुणी घडवला हा वाद पहिल्यांदा दिसतो तो सुट्ट्यांच्या यादीत. २००९ हे एन्क्रुमांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष अट्टा मिल्स यांच्या एनडीसी या पक्षाच्या सरकारनं २१ सप्टेंबर, म्हणजे एन्क्रुमांची जयंती, ‘संस्थापकाचा दिवस’ म्हणून जाहीर केली. २०१९ मध्ये प्रतिस्पर्धी एनपीपी पक्षाचे नाना आकुफो-आडो राष्ट्राध्यक्ष होते. वर आलेल्या न्यायाधीशांचे हे चिरंजीव, आणि डान्क्वा त्यांचे नात्यातलेच. त्यांनी कायदा बदलला. ४ ऑगस्ट हा ‘संस्थापकांचा दिवस’ झाला आणि २१ सप्टेंबरला नुसता एन्क्रुमा स्मृतिदिन उरला. २०२५ मध्ये एनडीसीचे जॉन महामा परत सत्तेवर आले आणि गाडी पुन्हा २१ सप्टेंबरवर, एकवचनावर आली. इंग्रजीत हा सगळा खेळ एका लोपचिन्हाच्या जागेचा आहे. मराठीत तो एका अनुस्वाराचा.

४ ऑगस्ट का, तर १९४७ मध्ये त्या तारखेला सॉल्टपाँड गावी डान्क्वा वगैरे मंडळींनी युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन हा पक्ष काढला. वकील, व्यापारी, शिकले-सवरलेले लोक. त्यांना स्वराज्य हवं होतं ते ‘शक्य तितक्या लवकर’. एन्क्रुमा याच पक्षात पगारी सरचिटणीस म्हणून आले आणि दीड वर्षात फुटून निघाले. जून १९४९ मध्ये त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी (सीपीपी) काढली. तिची मागणी एका शब्दानं वेगळी होती: स्वराज्य ‘आत्ताच’. शाळा अर्धवट सोडलेली पोरं, बाजारात बसणाऱ्या बायका, रेल्वेचे कामगार त्यांच्यामागे गेले. १९५१ ची निवडणूक एन्क्रुमांनी आक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात बसून जिंकली आणि तिथून थेट सरकारात गेले.

तेव्हा ‘देश कुणी घडवला’ या प्रश्नाला दोन घराण्यांची दोन उत्तरं आहेत. एनपीपी स्वतःला डान्क्वा आणि पुढं पंतप्रधान झालेले बुसिया यांच्या परंपरेतली म्हणवते. एनडीसी ही लष्करशहा रॉलिंग्ज यांनी काढलेली, ती एन्क्रुमांच्या पक्षाची वारस नव्हे, पण नाव घेते त्यांचं. खुद्द एन्क्रुमांचा सीपीपी अजून जिवंत आहे, पण अलीकडच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत त्याला मतं पडतात ती नावापुरती. ज्याच्या नावानं दोन मोठे पक्ष एकमेकांच्या उरावर बसतात, त्याच्या पक्षाला कुणी मत देत नाही.

माझं म्हणणं असं की श्रेयाचा हा वाद दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. संस्थापक एक की सहा, यावर कितीही घसा कोरडा केला तरी चालतं, कारण त्यात पैशाचा प्रश्न येत नाही. एन्क्रुमांच्या सरकारचा हिशेब मांडायचा तर तो पैशापासून मांडावा लागतो. आणि तो पैसा कोकोचा होता.

बहात्तर शिलिंग

गोल्ड कोस्टमध्ये कोको पिकवणारे मोठे मळेवाले गोरे नव्हते. पीक होतं असांते प्रदेश आणि दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यातल्या लहान-मध्यम काळ्या शेतकऱ्यांच्या हातात. बिया फोडून, केळीच्या पानांत आंबवून, बांबूच्या चटयांवर वाळवून, साठ पौंडांचा एक बोजा करून ते विकायचे. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी कोको खरेदीचं एक मंडळ काढलं. युक्ती अशी की मंडळानं ठरवलेल्या भावानं माल घ्यायचा, जागतिक बाजारात विकायचा आणि मधली रक्कम ‘वाईट वर्षांसाठी’ बाजूला ठेवायची. वाईट वर्षं यायच्या आधी चांगली वर्षं आली. गंगाजळी वाढत गेली आणि लंडनमध्ये, ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत, नगण्य व्याजावर पडून राहिली. स्वातंत्र्याच्या वेळी घानाकडे सुमारे २० कोटी पौंडांची परकीय गंगाजळी होती असं अभिमानानं सांगतात. तिचा मोठा भाग म्हणजे शेतकऱ्याला न दिलेला भाव.

एन्क्रुमांना हे यंत्र तयारच मिळालं. ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांचे अर्थमंत्री गबेडेमा यांनी विधिमंडळात विधेयक आणलं: पुढची चार वर्षं कोकोचा भाव बोजामागे ७२ शिलिंग. टनाला हे सुमारे १३४ पौंड होतात. त्या वर्षी जागतिक बाजारातला भाव याच्या दुपटीहून कितीतरी वर होता. फरक जाणार होता विकासाला. सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. एकदम एवढा पैसा गावोगाव वाटला तर महागाई भडकेल, आणि शाळा, बंदर, रस्ते यांना पैसा आणायचा कुठून? देशात दुसरं होतंच काय विकायला?

पण ज्याच्या घामाचा पैसा त्याला कुणी विचारलं नव्हतं. महिनाभरात असांतेंच्या कुमासी शहरात नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली. मागणी १५० शिलिंगांची. तिच्यात असांते सरदार आले, तिथली अस्मिता आली, संघराज्याची मागणी आली, डान्क्वा-बुसियांची शिकलेली मंडळीही आली. मारामाऱ्या झाल्या, घरांवर बॉम्ब पडले, माणसं मेली. दोन्हीकडची. घानाच्या इतिहासात या चळवळीला कधी ‘टोळीवादी’ म्हणतात, कधी ‘लोकशाहीवादी’. मुळात ती भावासाठी उठली होती, हे दोन्ही बाजू सोयीनं विसरतात. कोकोच्या भावाचं आंदोलन म्हटलं की त्यात ना शेंदूर फासता येतो ना काळं.

पुढं ७२ चे ६० झाले. १९५९ मध्ये सरकारच्या मर्जीतल्या शेतकरी परिषदेनं दुसऱ्या विकास योजनेसाठी बोजामागे बारा शिलिंग ‘स्वेच्छेनं’ सोडून दिले. १९६१ मध्ये दहा टक्के सक्तीची बचत कापायला सुरुवात झाली, म्हणजे ५४ उरले. त्याच वर्षी खरेदीचा मक्ता या परिषदेकडेच गेला. दुसरा गिऱ्हाईक नाही, तक्रार करायची कुणाकडे? सत्तापालटानंतर जी चौकशी झाली तिच्यात शेतकऱ्यांनी वजनात मारल्याच्या, पावती देऊन पैसे न दिल्याच्या तक्रारींचा पाढा वाचला. ही चौकशी नव्या सरकारनं जुन्यावर बसवलेली होती, हे लक्षात ठेवूनच ती वाचायला हवी. तरीही काट्यावरचा हात आतल्या बाजूला झुकतो हे जगातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. १९६४-६५ ला पीक विक्रमी आलं, पाच लाख टनांच्या वर, आणि नेमका तेव्हाच जागतिक भाव कोसळला. ‘वाईट वर्ष’ अखेर आलं होतं, पण बाजूला ठेवलेली गंगाजळी संपलेली होती. शेतकऱ्याला मिळालं काय, तर भाव ४० शिलिंगांवर आला.

पैसा गेला कुठं

खाल्ला, असं म्हणून मोकळं होता येत नाही. खाल्लाही. काही मंत्री भलतेच गबर झाले. पण १९५२ पासून प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि काही वर्षांतच पटसंख्या दुपटीवर गेली. कोको मंडळाच्या शिष्यवृत्तीवर पोरं डॉक्टर, इंजिनिअर झाली. कुमासीत तंत्रविद्यापीठ, केप कोस्टला दुसरं विद्यापीठ. आक्राच्या पूर्वेला मच्छीमारांचं गाव होतं तिथं १९६२ मध्ये तेमा बंदर सुरू झालं, शेजारी आखीव शहर, आणि आक्रापर्यंत काँक्रीटचा रस्ता. आजही घानाचा बहुतेक समुद्री व्यापार तेमातूनच चालतो.

त्याच पैशातून वेन्चीला आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना मंजूर झाला. त्याची क्षमता त्या मालाच्या साऱ्या जागतिक व्यापाराहून मोठी होती. आणि परिसरात आंबा कुठं, तर रानात विखुरलेली मोजकी झाडं. हे सरकारच्याच कागदात नोंदलेलं आहे. आंब्याच्या बाबतीत मराठी वाचकाला आणखी काही सांगायची गरज नाही. १९६५ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची परिषद भरवायची म्हणून ‘जॉब ६००’ नावाची प्रचंड इमारत घाईघाईनं उठवली गेली. दुकानांत दूध-साखरेची टंचाई होती तेव्हाची गोष्ट. आज तिथं संसदेचं कामकाज चालतं, म्हणजे ती वायाही गेली नाही. एन्क्रुमांच्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे. तेव्हा उधळपट्टी वाटली ती आज वापरात आहे, आणि शहाणपणाची वाटलेली गंजून गेली.

सेंट लुशियाचे आर्थर लुईस, ज्यांना पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते १९५७ मध्ये एन्क्रुमांचे आर्थिक सल्लागार म्हणून आले आणि वर्ष-सव्वा वर्षात निघून गेले. शेती आधी सुधारा, दिखाऊ कामं नंतर, हा त्यांचा आग्रह होता. तो मान्य होणारा नव्हता.

सगळ्यांत मोठं काम म्हणजे अकोसोम्बोचं धरण. व्होल्टा नदीवर १९६१ ला काम सुरू झालं आणि २२ जानेवारी १९६६ ला एन्क्रुमांनी उद्घाटन केलं. निम्मा खर्च घानाचा, बाकी जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनची कर्जं. मागं पसरलेला तलाव सुमारे ८५०० चौरस किलोमीटरचा. पृष्ठभागाच्या हिशेबानं माणसानं तयार केलेला जगातला सर्वांत मोठा. सातशेहून जास्त वाड्या-वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि जवळपास ८०,००० माणसं ५२ नव्या वसाहतींत हलवली गेली. प्रत्येक कुटुंबाला जे घर मिळालं त्याचा नमुना बघण्यासारखा आहे. एक खोली बांधलेली. बाकीच्या खोल्यांचा नुसता पाया आणि वर छप्पर. भिंती ज्यानं त्यानं सवडीनं उभ्या करायच्या. बायको-पोरं, म्हातारी आई आणि शेळ्या घेऊन एका खोलीत शिरलेल्या माणसानं त्या मोकळ्या पायाकडे बघत किती वर्षं काढली असतील! अनेक कुटुंबं वसाहत सोडून निघून गेली. तलावाच्या संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि काठावरच्या पोरांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. बिल्हार्झिया. धरणग्रस्तांची कहाणी भाषा बदलली तरी बदलत नाही.

वीज मात्र खरीच आली. तिचा सिंहाचा वाटा पहिल्यापासून तेमातल्या अमेरिकी मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला, तोही अतिशय स्वस्त दरानं, लांब मुदतीच्या करारानं. घानात बॉक्साइट आहे, पण कारखान्यात कच्चा माल यायचा परदेशातून. ज्या कारखान्याच्या भरवशावर कर्ज मिळालं त्याच्या अटी मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एन्क्रुमा नवसाम्राज्यवादावर ग्रंथ लिहीत होते आणि सहीही या करारावर करत होते. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. हात दगडाखाली असलेल्या माणसाचं ते वागणं आहे. धरणाची वीज पुढं टोगो-बेनिनला विकली गेली, आणि २०१२ नंतरच्या काही वर्षांत घानाच अंधारात बसू लागला. भारनियमनाला तिथं ‘दुमसोर’ म्हणतात, म्हणजे विझव-पेटव. २०२३ च्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा खालच्या अंगाच्या मेपे वगैरे गावांत पाणी शिरून हजारो लोक बेघर झाले. साठ वर्षांपूर्वी वरच्या गावांनी दिलं, आता खालच्यांनी.

आणि कायदा

इथं एन्क्रुमांचे चाहते आवाज खाली आणतात. १९५८ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला. खटला न चालवता पाच वर्षं आत. अशा कायद्याचं भारतीयांनी फार आश्चर्य करू नये. आपल्याकडे तो १९५० पासून होता, आणि आजही वेगवेगळ्या नावांनी आहेच. फरक मुदतीचा आणि तपासणीचा. घानात अपील करायला खरं दारच नव्हतं. डान्क्वांनी आपल्या अशिलांतर्फे या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि ते हरले. पुढं त्याच कायद्याखाली स्वतः आत गेले.

ते कधी आत गेले, हे बघा. सप्टेंबर १९६१ मध्ये सेकोंडी-ताकोराडीचे रेल्वे आणि गोदी कामगार संपावर उतरले. कारण होतं पगारातून सक्तीनं कापली जाणारी बचत, म्हणजे तीच जी कोकोवाल्यांच्या भावातूनही कापली जात होती. हे कामगार म्हणजे ‘स्वराज्य आत्ताच’वाले, एन्क्रुमांचे सुरुवातीचे पाईक. संप चिरडला गेला आणि ऑक्टोबरात डान्क्वांना अटक झाली. माजी अर्थमंत्री गबेडेमाही त्याच सुमारास देश सोडून पळाले. ७२ शिलिंगांचं विधेयक ज्यांनी मांडलं होतं तेच.

म्हणून ‘विकासपुरुष एन्क्रुमा’ आणि ‘हुकूमशहा एन्क्रुमा’ अशा दोन वेगळ्या फायली करता येत नाहीत. एन्क्रुमांच्या बाजूचे म्हणतात, धरण बघा, शाळा बघा, तुरुंग हा काळाचा दोष. विरोधक म्हणतात, तुरुंग बघा, धरण काय इंग्रजांच्या आराखड्यातही होतंच. पण धरणाचा पैसा ज्यांच्याकडून घेतला त्यांनी कुरकुर केली, आणि ती कुरकुर बंद करायला कायदा लागला. एकाच मंडळाच्या एकाच काट्यावरून दोन्ही निघालं.

एन्क्रुमांच्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण डान्क्वा-पंथाचे लोक ती गिळून टाकतात. भीती खोटी नव्हती. ऑगस्ट १९६२ मध्ये उत्तरेला कुलुंगुगु गावी त्यांच्यावर बॉम्ब फेकला गेला. नंतरही आक्रात गर्दीत स्फोट झाले, सामान्य माणसं मेली. जानेवारी १९६४ मध्ये फ्लॅगस्टाफ हाउस या त्यांच्या कार्यालयाच्या आवारात एका पोलिसानंच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि अंगरक्षक सलिफू दगार्टी मारला गेला. पण त्या भीतीला उत्तर काय दिलं? विशेष न्यायालयानं कुलुंगुगुच्या आरोपींना सोडलं म्हणून सरन्यायाधीश कोरसांना घरी बसवलं. जानेवारी १९६४ मध्येच एकपक्षीय राज्यासाठी सार्वमत घेतलं आणि निकाल लागला ९९.९१ टक्के. खोटं बोलायचं तर निदान ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबावं, इतकीही उसंत राहिली नव्हती.

२४ फेब्रुवारीनंतर

धरणाच्या उद्घाटनाला महिना उलटतो न उलटतो तोच, २४ फेब्रुवारी १९६६ ला, कर्नल कोटोका आणि मेजर आफ्रिफा यांच्या तुकड्यांनी सत्ता घेतली. एन्क्रुमा हनोईला निघाले होते आणि पेकिंगमध्ये उतरल्यावर त्यांना कळलं. अमेरिकी सरकारच्या खुल्या झालेल्या कागदपत्रांतून एवढं स्पष्ट दिसतं की कट शिजतोय हे वॉशिंग्टनला आधीपासून माहीत होतं आणि तो यशस्वी झाल्यावर तिथं आनंद झाला. पण आक्राच्या रस्त्यांवर नाचणारी गर्दी वॉशिंग्टननं पाठवलेली नव्हती. संसदेसमोरचा एन्क्रुमांचा पुतळा पाडला गेला, शिर वेगळं झालं.

मग पुसायचं काम. २४ फेब्रुवारीला राष्ट्रीय सुट्टी. १९६७ मध्ये नवं चलन काढून नोटांवरून त्यांचा चेहरा घालवला. १९७१ मध्ये बुसियांच्या लोकनियुक्त सरकारनं एन्क्रुमा आणि त्यांच्या पक्षाचा प्रचार गुन्हा ठरवणारा कायदा केला. डान्क्वांच्या परंपरेचं नाव सांगणाऱ्या, वाणीच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या पक्षाचं हे सरकार होतं! २७ एप्रिल १९७२ ला एन्क्रुमा बुखारेस्टमध्ये वारले. जुलैत नव्या लष्करशहांनी, आचेम्पाँग यांनी, त्यांचा मृतदेह त्यांना आश्रय देणाऱ्या गिनीहून आणून एन्क्रोफुल या जन्मगावी पुरला. १९९२ मध्ये रॉलिंग्ज यांनी आक्राच्या जुन्या पोलो मैदानावर संगमरवरी समाधी बांधून तो तिथं हलवला. याच मैदानावर त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती.

समाधीच्या मागच्या अंगाला मोडका पुतळा ठेवलाय. धड एका चौथऱ्यावर, शिर शेजारच्या दुसऱ्या चौथऱ्यावर. दंगलीत पडलेलं हे शिर एका नागरिकानं उचलून घरी ठेवलं होतं. ते २००९ मध्ये परत आलं. ते जोडलं नाही, वेगळंच ठेवलं, हे मला त्या देशानं या विषयात दाखवलेलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

बाकी ठिकाणी मात्र पाटीबदलच चालतो. कोटोका स्वतः १९६७ च्या एका फसलेल्या बंडात विमानतळाजवळ मारले गेले आणि १९६९ मध्ये आक्राच्या विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे त्यानंतरची अनेक दशकं एन्क्रुमांच्या समाधीला पुष्पचक्र वाहायला परदेशातून येणारा पाहुणा उतरायचा तो एन्क्रुमांना पदच्युत करणाऱ्याच्या नावाच्या विमानतळावर. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची तऱ्हाही तीच. एन्क्रुमांच्या फ्लॅगस्टाफ हाउसच्या जागी भारताच्या कर्जातून, मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीनं नवी वास्तू बांधली आणि २००८ मध्ये एनपीपीचे राष्ट्राध्यक्ष कुफुओर यांनी तिचं नाव ठेवलं गोल्डन ज्युबिली हाउस. एनडीसी आली तसं पुन्हा फ्लॅगस्टाफ हाउस झालं, आणि २०१८ मध्ये आकुफो-आडोंनी परत ज्युबिली हाउस केलं. मुंबईच्या कंत्राटदारानं बांधकाम एकदाच केलं, पाटी रंगवणाऱ्याला मात्र काम मिळत राहिलं.

सुट्टी, पुतळा, विमानतळ, पाटी, नोट. या सगळ्यांत एक वस्तू अशी आहे की तिच्यावरून या दोन घराण्यांत फारसा वादच होत नाही: ते कोको मंडळ. नाव थोडं बदललं, अधिकार ब्रिटिशांनी दिले तेच. १९६६ नंतर लष्करानं ते ठेवलं, बुसियांनी ठेवलं, रॉलिंग्ज यांनी ठेवलं, एनपीपी-एनडीसी आलटून पालटून ठेवतात. एन्क्रुमांचा खरा वारसा कुणी नाकारलेला नाही असं जर काही असेल तर ते हे, आणि ते मुळात एन्क्रुमांचंही नव्हतं.

२०२३-२४ च्या हंगामात पश्चिम आफ्रिकेत पीक बसलं आणि जागतिक भाव भडकला. एप्रिल २०२४ मध्ये तो टनाला १०,००० डॉलरच्या वर होता. घानाचा शेतकरी तेव्हा विकत होता मंडळानं हंगामाच्या सुरुवातीला ठरवलेल्या भावानं, टनाला २०,९४३ सेडी. आरडाओरडा झाल्यावर तो ३३,१२० केला गेला. डॉलरात अडीच हजारांच्याही आत. मंडळाचं उत्तर ठरलेलं: माल आगाऊ विकून टाकलाय, कर्ज फेडायचंय, भाव कोसळेल तेव्हा आम्हीच तुमच्या पाठीशी उभे राहू. शेतकरी रात्री पोती मोटरसायकलवर घालून सरहद्दीपलीकडे नेऊ लागले, कारण पलीकडे चार पैसे जास्त मिळत होते. पोतं आता साठ पौंडांचं नाही, चौसष्ट किलोंचं असतं. काटा गावातच असतो. भाव अजून आक्राहूनच येतो.